यात्रेची पिशवी आणि परिग्रहाचे परिमाण

चातुर्मास संपून कार्तिकी पौर्णिमा झाली, की शत्रुंजयाची यात्रा पुन्हा सुरू होते आणि छ'री पालित संघांच्या प्रस्थानाचे दिवस येतात. यात्रेत नाव नोंदवताच घरी बॅगा भरण्याची लगबग सुरू होते. तीन चादरी, सहा जोड कपडे, शिवाय 'लागलेच तर' म्हणून खाकऱ्यांचे डबे. पाहता पाहता बॅग 20 किलोंची होते.

वास्तविक काय न्यावे, याचे उत्तर यात्रेच्या सहा नियमांतच आहे. यात्रिक एकाहारी, म्हणून खाऊचे डबे नकोत. सचित्त-परिहारी, म्हणून फळेही नकोत. भूमिसंथारी असल्याने गादी-उशी वगळावी. संथारा, उत्तरपट्टा आणि थंडीसाठी एक जाड शाल पुरते. पादचारी, आणि तेही शक्यतो अनवाणी, म्हणून पादत्राणांचे जादा जोड घरीच राहावेत. ब्रह्मचर्याच्या दिवसांत दागिने व प्रसाधने यांचे प्रयोजन नाही. आवश्यककारी या नियमाने मात्र कटासणे, चरवळा आणि मुहपत्ती यांना पिशवीत मानाचे स्थान मिळते. जोडीला पूजेची वस्त्रे आणि दोन-तीन साधे पोशाख असले, की सामान पूर्ण झाले.

'सामान तर गाडीतून जाते, मग वजनाची चिंता कशाला?' असे अनेकांना वाटते. समजा, संघात 500 यात्रिक आहेत. प्रत्येकाची बॅग 20 किलोंची असेल, तर एकूण भार 10,000 किलो होतो. तो रोज पहाटे चढवणारे आणि पुढच्या मुक्कामी उतरवणारे हातही माणसांचेच असतात. बॅग 8 किलोंची केली, तर हाच भार 4,000 किलोंवर येतो. जीवदया पाळत चालणाऱ्यांनी या हातांचाही विचार करावा.

खांद्यावरची पिशवी याहून लहान असावी. साधारण 2 किलोंत ती सहज भागते. 1 लीटर पाण्याचे वजनच 1 किलो. नवकारशी सूर्योदयानंतर 48 मिनिटांनी येते, म्हणजे पहाटेच्या चालीत पाणी लागतच नाही. त्यानंतरसाठी उकळलेल्या पाण्याची अर्ध्या लीटरची बाटली पुरे. वाटेत संघाची पाण्याची व्यवस्था असतेच. हिवाळ्यात अशा पाण्याची मर्यादा 4 प्रहरांची असते, हेही ध्यानात ठेवावे.

काही वस्तूंत मात्र काटकसर करू नये. रोजची औषधे व डॉक्टरांची चिठ्ठी गाडीतल्या बॅगेत न ठेवता स्वतःजवळ बाळगावी. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी एकासण्याविषयी डॉक्टरांना आधीच विचारावे. ओळखपत्र, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला कागद, पायांच्या फोडांसाठी कापूस व पट्टी आणि छोटी विजेरी जवळ हवी. पिशवीच्या मागे प्रकाश परावर्तित करणारी पट्टी शिवून घ्यावी. पहाटेच्या अंधारात महामार्गावर विहार करणाऱ्या साधू-साध्वींच्या अपघातांच्या बातम्या वाचून हळहळणाऱ्या समाजाने एवढी दक्षता घेतलीच पाहिजे. तिचे वजन काही ग्रॅमच भरते.

संघासोबतचे साधू-साध्वी आपली उपधी स्वतःच वाहतात आणि दिवसातून दोनदा तिचे पडिलेहण करतात. प्रत्येक वस्त्र उलगडून, निरखून पाहायचे असल्याने अनावश्यक वस्तू आपोआप नकोशी होते. श्रावकानेही बॅग भरण्यापूर्वी प्रत्येक वस्तू अशीच हाती घेऊन पाहावी. ती गरजेपोटी येत आहे की भीतीपोटी, हे लगेच कळते. उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात मूर्च्छेला, म्हणजे आसक्तीलाच, परिग्रह म्हटले आहे.

यात्रेहून परतल्यावर ही बॅग लगेच माळ्यावर टाकू नये. इतके दिवस 8 किलोंत निभावले, हे कुटुंबाने एकत्र बसून पाहावे आणि मग कपाट उघडावे. परिग्रह-परिमाण व्रताची मर्यादा ठरवण्यास याहून योग्य दिवस क्वचितच मिळेल.