नाशिकचं मत आणि सीमाभाग

१९५२ साली नाशिकची लोकसभेची जागा काँग्रेसकडे गेली. १९५७ ला मात्र द्वैभाषिकाचा धोंडा मराठी माणसाच्या गळ्यात होता, आणि खेड्यापाड्यांतल्या शेतमजुरांनी काँग्रेसला बाजूला सारून दादासाहेब गायकवाडांना दिल्लीला धाडलं. १९३० साली काळारामाच्या दारात सत्याग्रह लढवणारा हाच तो माणूस! पुढं तीन वर्षांत १ मे १९६० उजाडला. ती मतं वाया गेली असं कोण म्हणेल?

१९६२ ला काँग्रेसचे गोविंदराव देशपांडे निवडून आले. त्यांच्या निधनानंतर १९६३ च्या पोटनिवडणुकीत यशवंतराव चव्हाण बिनविरोध! चीनचं आक्रमण नुकतंच झालेलं, ते संरक्षणमंत्री, हे सगळं कबूल. पण बेळगाव-कारवार महाराष्ट्राबाहेर राहिलेलं असताना, द्वैभाषिकाच्या माजी मुख्यमंत्र्यांना त्याचा जाब मतपेटीतून विचारायची वेळच नाशिककरांवर आली नाही. बिनविरोध म्हणजे मतदाराच्या तोंडाला कुलूप, मग उमेदवार कितीही मोठा असो.

सीमाभागाचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात नेला. तेव्हा इंदिरानगरात मतं मागायला येईल त्याला, झेंडा कुठलाही असो, आधी हेच विचारा: बेळगावसाठी लोकसभेत तोंड उघडणार का? आणि ज्यांची नावं अजून सिन्नर-इगतपुरीकडं गावच्या यादीत आहेत, त्यांनी पाळीची सबब सांगू नये. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी लागते. कायदाच आहे तसा. मालक कुरकुरला तर युनियनला कळवा.