देश मोजणारे आणि देव मोजणारे

पुण्यामुंबईच्या सुशिक्षित दिवाणखान्यांतून एक मत अलीकडे इतक्या निःशंकपणे मांडले जाते की त्याला कोणी पुरावा मागत नाही, आणि पुराव्यावाचून जे मत रूढ होते त्याची कधी तरी रुजवात घ्यावीच लागते. ते मत असे : प्रवास करावा तर परदेशाचा. अष्टविनायकाची, पंढरपूर-अक्कलकोटची यात्रा हा प्रवास नव्हे, ती फार तर धार्मिक हजेरी होय. यात्रेकरूचे डोळे भक्तीने मिटलेले असतात म्हणून त्याला काही दिसत नाही, तो घोळक्याने हिंडतो म्हणून त्याला काही सुचत नाही, आणि रांजणगाव-ओझरसारख्या ज्या गावी तो जातो तेथे गाभाऱ्यापलीकडे पाहण्यासारखे काही नसल्यामुळे त्याला काही मिळतही नाही. याउलट ज्याच्या पारपत्रावर वीस-पंचवीस देशांचे शिक्के उठले आहेत त्याची दृष्टी विशाल, मन उदार आणि म्हणून त्याचे मत ऐकण्याजोगे, असे धरून चालण्याचा शिरस्ता पडला आहे.

या पूर्वपक्षाची वंशावळ सन्माननीय आहे, हे प्रारंभीच कबूल केले पाहिजे. समुद्र ओलांडणाऱ्याला प्रायश्चित्त घ्यावे लागे, पंक्तीतून उठावे लागे, अशा काळी म्हणजे १८८३ या एकाच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेला आणि पंडिता रमाबाई इंग्लंडला गेल्या, तेव्हा त्यांच्या जहाजाबरोबर महाराष्ट्राच्या मनाचा नांगरही उचलला गेला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. पुढे स्वातंत्र्यानंतर गंगाधर गाडगीळांचे ‘साता समुद्रापलीकडे’ आणि लगोलग पु. ल. देशपांड्यांची ‘अपूर्वाई’ आली, आणि ज्यांना परदेशगमनाची ऐपत स्वप्नातही नव्हती अशा मराठी कुटुंबांना लंडन-पॅरिस घरबसल्या परिचयाचे झाले. हे ऋण लहान नाही. परंतु पूर्वजांनी धाडसाने आणि व्यासंगाने मिळविलेली प्रतिष्ठा विमानाच्या तिकिटाबरोबर आपल्यालाही आपोआप लागू होते, असा वारसांनी दावा लावावा, येथून आमचा तंटा सुरू होतो.

हल्लीची युरोपची सहल कशी असते ते पाहावे. दहाबारा दिवसांत सातआठ देश. पहाटे न्याहारी, मग बस, मग हातातील झेंडी किंवा छत्री उंच धरून पुढे चालणारा व्यवस्थापक, त्याच्यामागे चाळीस माणसे. पॅरिसचा मनोरा, कोलोनचे कॅथेड्रल, पिसाचा कललेला मिनार, प्रत्येक ठिकाणी अर्धा-पाऊण तास, छायाचित्र, आणि पुन्हा बस. या सहलीत पोहे, भाजी-पोळी नि श्रीखंड मिळते म्हणून कित्येक जण नाक मुरडतात. आमची त्याविषयी मुळीच तक्रार नाही, कारण उपाशी माणसाला आल्प्ससुद्धा सुंदर दिसत नाही. तक्रार वेगळी आहे. स्वित्झर्लंडातील युंगफ्राउयोखच्या स्टेशनावर, समुद्रसपाटीपासून ३,४५४ मीटर उंचीवर, आगगाडीने जाऊन बर्फात खेळून आलेल्या मंडळींना एवढेच विचारावे की आयगर पर्वताच्या पोटातून गेलेला तो बोगदा खणला कोणी? १८९६ ते १९१२ अशी सोळा वर्षे ते काम चालले आणि खणणारे बहुतांशी इटलीहून पोटासाठी आलेले मजूर होते. बर्फाची थंडी सर्वांना आठवते, मजूर कोणाला आठवत नाहीत, कारण ते त्या अर्ध्या-पाऊण तासाच्या कार्यक्रमात नव्हते. तेव्हा दोन दिवसांत आठ देव उरकणाऱ्याला हसण्याचा अधिकार दहा दिवसांत आठ देश उरकणाऱ्याला कोणत्या सनदेने मिळाला, हे आम्हास समजत नाही. दोघांचीही बस एकाच जातीची आहे, दोघांचे घड्याळही एकच.

आता दुसरा आक्षेप, की भक्तीने डोळे मिटतात. ज्या विष्णुभट गोडसे यांनी १८५७ चा रणसंग्राम डोळ्यांनी पाहून मराठीत लिहून ठेवला, ते वरसईचे गृहस्थ बंड पाहायला निघाले नव्हते. घरच्या कर्जाची फेड व्हावी म्हणून, उत्तरेत बायजाबाई शिंदे यज्ञ करणार आहेत आणि दक्षिणा भरपूर मिळेल या आशेने, ते काकांना बरोबर घेऊन पायी बाहेर पडले. जमले तर तीर्थयात्राही साधावी, एवढाच त्यांचा बेत. दक्षिणेचा बेत फसला, लुटालूट पदरी आली, झांशीच्या वेढ्यात जीव मुठीत धरून राहावे लागले, आणि अखेर घरी परतताना हाती उरली ती मातापित्यांसाठी वाहून आणलेली गंगेची कावड. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा ‘माझा प्रवास’ आजही इतिहासकार उलगडून बसतात. यात्रेकरूचे डोळे मिटलेले असते तर झांशीच्या गल्लीबोळांतील प्रेतांचा दर्प त्या पुस्तकात कोठून आला असता?

दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे, आणि ते प्रतिपक्षाच्याही उपयोगी पडेल असे असल्यामुळे आम्हीच ते पुढे आणतो. पंडिता रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रेत गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन क्षेत्राक्षेत्रांतून पुराणे सांगत हिंडत; दुष्काळाच्या हलाखीत आईवडील गेले; त्यानंतर भावाबरोबर पायी देश तुडवीत ही मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली, तेथे पंडितांनी तिची विद्वत्ता मान्य केली. त्या प्रवासाने रमाबाई भाविक झाल्या नाहीत, उलट क्षेत्रोक्षेत्रीच्या ढोंगावर त्यांनी पुढे अत्यंत कठोर लिहिले. म्हणजे यात्रा केल्याने माणूस शहाणा होतोच असे नाही, हे खरे. परंतु यात्रेत माणूस आंधळा होतोच हे मात्र खोटे ठरते, कारण ज्या डोळ्यांनी त्यांनी तीर्थे तपासली त्याच डोळ्यांनी पुढे अमेरिका तपासली. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अमेरिकेवरील मराठी ग्रंथात राज्यव्यवस्था, घरे, शाळा, धर्मादाय संस्था आणि स्त्रियांची स्थिती यांना जी जागा मिळाली आहे, ती पाहून आजच्या प्रवासवर्णनकाराने काही काळ तरी लेखणी खाली ठेवावी. आणि हे सारे पाहून आलेली बाई अखेर स्थिरावली कोठे? दौंड तालुक्यातील केडगावी. तेथे त्यांनी मुक्ती सदन उभारले, दुष्काळातून आणलेल्या मुलींना आसरा दिला, आणि १९२२ साली तेथेच देह ठेवला. जगाच्या अनुभवाचा जमाखर्च एका आडगावी असा चोख मांडून दाखविणारे दुसरे उदाहरण आम्हास ठाऊक नाही.

राहता राहिला तो आक्षेप, की रांजणगावसारख्या ठिकाणी पाहण्यासारखे काय आहे. पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, नगरच्या हमरस्त्यालगत हे गाव आहे. आणि तो हमरस्ताही सामान्य नाही : १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली एस.टी. नगरहून पुण्याला धावली ती याच वाटेने. महाराष्ट्रातल्या गोरगरिबाला प्रवासाची मुभा देणारी ती बस ज्या गावावरून गेली त्या गावाला प्रवासाच्या इतिहासात जागा नाही, असे म्हणणे धाडसाचे आहे. देवळात जावे तर पूर्वाभिमुख महागणपती, शंकराने त्रिपुरासुराच्या वधापूर्वी त्याचे आराधन केले अशी कथा. आणि सभामंडप इंदूरच्या सरदार किबे यांनी बांधलेला. माळव्यात दौलत कमावलेल्या घराण्याने भीमा-घोड नद्यांच्या मुलखात मंडप बांधावा, यात मराठ्यांच्या फिरतीचा केवढा नकाशा दडला आहे! भाद्रपदातील उत्सवात देवाची पालखी चार दिशांच्या चार द्वारांना जाते. शेजारच्या गावांतील देवींना गावकरी महागणपतीच्या बहिणी मानतात आणि देव त्यांच्याकडे स्वतः जातो. काही कोसांच्या परिघात एवढी नाती सांभाळणाऱ्या प्रवासाला लहान म्हणायचे की मोठे, हे वाचकानेच ठरवावे.

परमुलखाशी संबंध म्हणावा, तर तोही येथे जुना आहे. तालुक्याचे ठाणे शिरूर, जुने लोक ज्याला घोडनदी म्हणतात, तेथे इंग्रजांची छावणी होती. १८०९ मध्ये वारलेल्या कर्नल वॉलेसच्या कबरीला आसपासची रयत सत्पुरुष म्हणून नवस बोलत असे, अशी नोंद सरकारी गॅझेटिअरातच आहे. पोटापाण्यासाठी सातासमुद्रापलीकडून आलेल्या गोऱ्या अंमलदाराला शिरूरकरांनी आपल्या देवळां-दर्ग्यांच्या पंक्तीला बसविले. मनाच्या औदार्यासाठी त्यांना पारपत्र काढावे लागले नाही. आणि आज? रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियाच्या एलजीचा, चीनच्या हायरचा, इटलीच्या फियाटने उभारलेला असे कारखाने उभे आहेत. ज्या इटलीचा मजूर आयगरच्या पोटात सुरुंग लावीत होता त्या इटलीच्या कंपनीने उभारलेल्या कारखान्यासाठी बिहार-उत्तर प्रदेशातून, मराठवाड्यातून आलेली मुले कारेगाव-रांजणगावच्या भाड्याच्या खोल्यांतून पाळीला निघतात. शेकडो किलोमीटर तुडवून, निराळ्या भाषेत, निराळ्या अन्नावर राहणाऱ्या या मुलांना आपण कोणी प्रवासी म्हणत नाही, त्यांचे अनुभव कोणी छापीत नाही. परतीचे तिकीट खिशात असल्याखेरीज अनुभवाला अनुभव म्हणायचे नाही, असा काही अलिखित हुकूम निघाला असावा.

देवळाबाहेरच्या वाहनतळावर यात्रेकरूंची गाडी थांबते तेव्हा काय घडते, हे नाक मुरडणाऱ्यांनी कधी उभे राहून पाहिलेले नसते. वऱ्हाडातून आलेली एक वयस्क बाई दुर्वा-जास्वंदाच्या पाटीपाशी वाकून विचारीत होती, “हे फुलं घरचेच हायेत का वं बाई?” “घरची कुठली मावशी, रान गेलं एमआयडीसीत. मार्केट यार्डातनं आणतो.” “मंग पोरगं लागलं असंल कंपनीत?” “लागलंय की, कंत्राटावर. पर्मनंट कोण करतंय?” यावर त्या वऱ्हाडी बाईने आपल्या नातवाचीही तीच कैफियत ऐकविली, हाराचे दोन रुपये कमी करून घेतले आणि ती रांगेला लागली. मार्गदर्शकाने दिलेल्या पाऊण तासातील दोन मिनिटांत तिने भूसंपादन, रोजगार आणि कंत्राटी पद्धत या तीन विषयांची माहिती मिळविली होती, आणि तीही कोणाला आपण माहिती मिळवीत आहोत असे न भासविता. अशी चौकशी तिला सुचते याचे कारण ती घरून निघाली तेव्हाच समोरच्या माणसाला आपल्यासारखेच संसारी माणूस समजून निघाली होती. युरोपच्या बसमधील माणसाला हे सुचत नाही, कारण भाषा येत नाही ही अडचण तर असतेच, पण विचारण्यासारखे काही आहे असे त्याला मुळात वाटत नाही.

एवढे म्हटल्यावर यात्रेच्या दोषांवर पांघरूण घालण्याची आमची इच्छा नाही. अष्टविनायकाचा शास्त्रोक्त क्रम मोरगावपासून सुरू होतो. सिद्धटेक, पाली, महड, थेऊर, लेण्याद्री, ओझर असे करीत आठवा रांजणगावचा महागणपती, आणि तेथून पुन्हा मोरगाव, की मग यात्रा पुरी. आजच्या गाड्या हा क्रम डिझेलच्या हिशेबाने फिरवितात, आणि १९७९ च्या ‘अष्टविनायक’ चित्रपटानंतर यात्रेला जी गर्दी लोटली तिने देवाला यादीतील एक बाब करून टाकले, हेही नाकारता येणार नाही. तरीही त्या जुन्या क्रमातील एक गोष्ट जगातील कोणत्याही सहल-कंपनीला अद्याप सुचलेली नाही : जेथून निघालो त्या ठिकाणी शेवटी पुन्हा जाणे. सात ठाणी पाहून, रांजणगावचा मुक्काम करून जो मोरगावच्या पायऱ्या दुसऱ्यांदा चढतो त्याला पहिल्या वेळी नजरेतून काय निसटले ते दिसते. पाहिलेले पुन्हा पाहावे, ही अट ज्या परंपरेने प्रवासाला घातली, ती अडाण्यांची परंपरा असू शकत नाही. आमचे म्हणणे परदेशी जाऊ नये असे नाही. जरूर जावे, कर्ज काढूनही जावे, परंतु एखाद्या गावी दुसऱ्यांदा जाण्याइतका वेळ ठेवून जावे, आणि पंचविसावा देश रद्द करावा लागला तरी बेहत्तर.

ज्यांना यात्रेकरूंचा उपहास केल्यावाचून राहवत नाही त्यांनी पुढील परदेशवारीहून परत येताना तिथल्या एका कामगाराची मजुरी, एका खोलीचे भाडे आणि एका शाळेची फी एवढी तरी माहिती बरोबर आणावी आणि मग वऱ्हाडातल्या त्या बाईसमोर उभे राहावे. तोपर्यंत त्यांचा दावा खर्चासह नामंजूर.