रुळाला पैसा, डोंगराला भंगार



आमच्या कुकटपल्लीच्या फ्लॅटमध्ये आबांच्या खोलीत खिडकीखाली सहा फूट बाय चार फुटांचं एक प्लायवूड गेलं वर्षभर मुक्कामाला आहे. आबा म्हणजे माझे सासरे. त्यांना आधी हे अतिक्रमण वाटलं, आता ते स्वतःच त्याचे स्टेशनमास्तर आहेत. या प्लायवूडवर रेल्वे धावते. गाडी आणि रूळ माझ्या दिरांनी जर्मनीहून लेकीसाठी आणले होते. बाकीचं सगळं, म्हणजे डोंगर, झाडं, नदी, शेत आणि फलाट, आम्ही हैदराबादेत जमवलं. त्या जमवाजमवीत काय साधलं आणि कुठे फसलो, ते आज सांगते. तुमच्यापैकी कुणी असा उद्योग करणार असेल, तर निदान आमच्या चुका तरी पुन्हा करू नका.

सुरुवात भांडणाने झाली. लेक सातवीत. वाढदिवसाचे साठवलेले तीन हजार रुपये तिच्याकडे होते. तिने परदेशी सामानाची यादी काढली: तयार गवत, तयार झाडं, तयार खडक, ओतून गोठवायचं पाणी. बेरीज केली तर तीन हजारांत जेमतेम एक कोपरा हिरवा झाला असता. मी म्हटलं, "घरातल्या वस्तूंतून करू." ती म्हणाली, "आई, भंगारातून केलेलं भंगारच दिसतं." आणि दार लावून बसली.

आबांनी मध्यस्थी केली. ते परभणीकडचे. म्हणाले, "आम्ही दिवाळीत किल्ला करायचो तेव्हा काय विकत आणायचो? मावळे आणि शिवाजी महाराज. बास. बाकी विटा, दगड, चिखलात भिजवलेलं गोणपाट. गवत म्हणून अळीव पेरायचा, मोहरी पेरायची. पाचव्या दिवशी किल्ला हिरवा."

मला ते एकदम पटलं. मॉडेल रेल्वेचा देखावा हा परक्यांचा छंद वाटतो, पण आपल्या घरांत त्याची अर्धी विद्या दर दिवाळीला गिरवली जाते. फक्त फरक लक्षात ठेवायचा. किल्ला आठ-दहा दिवसांचा असतो, रेल्वे वर्षानुवर्षांची. किल्ल्यावर पाणी शिंपडतात. इथे पाण्याने रूळ गंजतात आणि प्लायवूड फुगतं. म्हणून चिखल नको, उगवणारं गवत नको आणि खाण्याची वस्तू तर नकोच. आम्ही रुळांखाली खडी म्हणून रवा टाकून पाहिला. सकाळी रुळांवर मुंग्यांची मालगाडी होती.

आता थोडं गणित. आमची गाडी एचओ प्रमाणातली, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. साडेपाच फुटी माणूस इथे दोन सेंटीमीटरचा होतो आणि बारा मीटर उंचीचा कडुनिंब चौदा सेंटीमीटरचा. रुळांखालची पाच सेंटीमीटरची खडी होते अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठी, म्हणजे खरंच रव्याएवढी. एकदा हे प्रमाण डोक्यात बसलं की घरातली प्रत्येक वस्तू वेगळी दिसू लागते. आणखी एक गंमत. एचओचा रूळ साडेसोळा मिलिमीटर रुंदीचा असतो आणि तो 1435 मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजची नक्कल करतो. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. म्हणजे काटेकोर पाहिलं तर आमच्या टेबलावर अजिंठा एक्सप्रेस बसत नाही, पण घरासमोरून जाणारी मेट्रो अगदी बरोबर बसते, कारण हैदराबाद मेट्रो स्टँडर्ड गेजवर धावते! आबांनी हा हिशेब ऐकून घेतला आणि अजिंठाच धावेल असं जाहीर केलं.

मग देखावाही त्याच मार्गाचा ठरला: हैदराबाद ते परभणी. हा मार्ग निजामाच्या काळातला, मनमाडपर्यंत मीटरगेजने जोडलेला. आपल्यापैकी किती घरं या गाडीने इकडे आली असतील! टेबलाच्या एका टोकाला तेलंगणाची लाल माती आणि ग्रॅनाइटचे गोल धोंडे, मधे बासरजवळचा गोदावरीचा पूल, दुसऱ्या टोकाला मराठवाड्याची काळी शेतं.

सामान असं जमलं. डोंगराला वर्तमानपत्राचे बोळे आणि पॅकिंगचा थर्मोकोल. इथे पहिला धडा मिळाला. चपला चिकटवायचा रबरी गोंद थर्मोकोलला लावला, तर तो थर्मोकोल खाऊन टाकतो. आमच्या डोंगरात रात्रीत खड्डा पडला. डब्यातला स्प्रे रंगही तेच करतो. थर्मोकोलला पांढरा फेविकॉलच हवा. त्यावर जुन्या सुती धोतराच्या पट्ट्या प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये बुडवून पसरल्या. प्लास्टर कालवताना पाण्यात पावडर टाकायची, पावडरीवर पाणी नाही, नाहीतर गुठळ्या होतात. ते काही मिनिटांतच घट्ट व्हायला लागतं, म्हणून एका वेळी वाटीभरच. आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. ते पाइपातही तितकंच घट्ट होतं.

धोंड्यांसाठी काही विकत आणायची गरजच नव्हती. हैदराबादचा ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षं जुना आहे आणि कुकटपल्लीत जिथे इमारतीचा पाया खणतात तिथे त्याच्या कपच्या पडलेल्या असतात. शेजारच्या बांधकामावर विचारून पिशवीभर घेतल्या. परभणीच्या बाजूला मात्र गोल धोंडे चालत नाहीत. तो दख्खनचा काळा दगड, थरांचा. तिथे थर्मोकोलच्या चपट्या चकत्या एकावर एक रचून, कडा कुरतडून, प्लास्टर आणि काळपट तपकिरी रंग दिला.

गवत म्हणजे लाकडाचा भुसा. मुसापेटच्या बाजूला एका सुताराकडे गेलो. किती पैसे, म्हणून विचारलं तर तो हसला, "लेके जाओ अम्मा, भुसे का पैसा कौन लेता?" भुसा चहाच्या गाळणीने चाळला, पोस्टर रंगाच्या पाण्यात भिजवला, वर्तमानपत्रावर उन्हात वाळवला. एकच हिरवा करू नका. तीन छटा आणि थोडा पिवळा मिसळला की खरं दिसतं, कारण मराठवाड्यात वर्षातले बरेच महिने गवत हिरवं नसतंच. उन्हाळी गवताला नारळाच्या शेंडीचा काथ्या बारीक कातरून वापरला. झाडांचे सांगाडे तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्यांचे, मोठी झाडं जुन्या केबलमधल्या तांब्याच्या तारा पिळून. पानं म्हणजे जुन्या स्पंजचा चुरा आणि कुंपण म्हणजे भांडी घासायचा हिरवा स्क्रबर. नदीला निळसर हिरवा रंग देऊन त्यावर फेविकॉलचे पातळ थर दिले. एकाच वेळी जाड ओतला तर तो आतून पांढराच राहतो आणि पावसाळ्यात दमट हवेने पुन्हा दुधाळ होतो. म्हणून शेवटी वर पारदर्शक व्हार्निशचा हात.

लेकीचा राग एव्हाना निवळला होता. मग आला मातीचा प्रसंग.

आबांचं शेत तीन वर्षांपूर्वी विकलं. कसणारं कुणी उरलं नाही, म्हणून. सही करून निघताना त्यांनी बांधावरची मूठ-दोन मूठ माती पिशवीत बांधून आणली होती. ती त्यांच्या कपाटात आहे हे मलाही माहीत नव्हतं. एका संध्याकाळी त्यांनी ती लेकीच्या हातात दिली. "तुझ्या परभणीला टाक."

तिने मोठ्या उत्साहाने ती स्टेशनात, अगदी रुळांच्या मधोमधसुद्धा पसरली. गाडी सुरू केली. दोन फेऱ्या झाल्या आणि इंजिन आचके द्यायला लागलं, मग थांबलं. उघडून पाहिलं तर मोटरला काळी पूड चिकटलेली. फ्रिजवरचा लोहचुंबक त्या मातीवरून फिरवला, तर त्यावर मिशा उगवल्या! काळी माती बेसाल्टपासून झालेली. त्यात मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे कण असतात आणि इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. माती आपणहून तिथे चालत जाते.

लेक रडवेली झाली. आबांची माती फेकायची कशी आणि ठेवायची कशी? आबा काही बोलले नाहीत. मऊ ब्रश घेऊन रुळांमधला एकेक कण त्यांनी कागदावर गोळा केला. त्यात पूर्ण संध्याकाळ गेली.

त्या दिवशी आमच्या घरात एक नियम ठरला: जिथे गाडीचं चाक पोचतं तिथे पैसा खर्च करायचा, जिथे फक्त डोळा पोचतो तिथे करायचा नाही. तिचे तीन हजार आम्ही रूळ, सांधे आणि वायरींवर लावले. स्टीलचे रूळ दमट हवेत गंजतात, म्हणून वाढीव रूळ निकेल-सिल्व्हरचे घेतले. आपल्याकडे जर्मन सिल्व्हर म्हणतात तोच हा मिश्रधातू. तांबं, निकेल, जस्त आणि चांदी अजिबात नाही. विजेच्या जोडण्या एकाऐवजी चार ठिकाणी दिल्या. खडी बांधकामावरच्या दगडाच्या कचेची: रव्याच्या चाळणीतून पडेल आणि मैद्याच्या चाळणीवर राहील तेवढीच. धुवायची, वाळवायची आणि तीनदा चुंबक फिरवायचा. मग तिच्यावर आधी पाण्याचा बारीक फवारा, आणि त्यानंतर निम्मं पाणी घातलेला फेविकॉल, भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून, औषधाच्या ड्रॉपरने. साबणामुळे गोंद खडीत झिरपतो, वर थेंब होऊन बसत नाही. फक्त सांध्यांच्या हलत्या भागाला तो लागू देऊ नका.

मे महिन्यात पुण्याला गेलो तेव्हा लेकीला कोथरूडचं जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालय दाखवलं. भाऊ जोशींनी आयुष्यभर जोपासलेल्या छंदातून ते उभं राहिलं आणि 1998 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. आमच्यासारखंच एचओ प्रमाण; पण तिथे शहर आहे, सर्कस आहे, दिवसाची रात्र होते आणि गाड्या सिग्नल पाळून धावतात. तिथून निघताना लेक म्हणाली, "आई, तिथलं गवत जवळून बघितलंस? आपल्या भुशासारखंच दिसतं." मी काही बोलले नाही. दार लावून बसल्याची आठवण तिला करून देणं बरं नव्हे.

आणि माती? ती चाळली, चुंबक फिरवून जेवढी पूड निघाली तेवढी काढली, आणि रुळांपासून वीतभर लांब शेत केलं. वर पातळ गोंदाचे दोन हात, म्हणजे एक कणही उडणार नाही. काढलेली काळी पूड लेकीने फेकली नाही. होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटलीत भरून स्टेशनामागे पाण्याची टाकी म्हणून उभी केली. आबा रोज संध्याकाळी गाडी एकदा परभणीला आणतात, दोन मिनिटं थांबवतात आणि मग पुढे सोडतात. वेळापत्रकात दोनच मिनिटांचा थांबा आहे, असं म्हणतात.

यंदा गणपतीत मंडळाच्या देखाव्यात रेल्वे ठेवायची, असं मुलांचं चाललं आहे. तसं ठरलं तर जुने स्क्रबर, केबलचे तुकडे आणि तुळशीच्या मंजिऱ्या टाकू नका. आणि हो, घरी एखादा जोरदार लोहचुंबक असेल तर तो नक्की घेऊन या.