भीती परक्याची, घाव घरातला

१ जुलै २०१८ हा रविवार साक्री तालुका सहजासहजी विसरू शकणार नाही. राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना, ही मुले पळविणारी टोळी आहे असे समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि ठेचून ठार मारले. मृत नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते. गावोगाव फिरून भिक्षा मागावी आणि त्यावर प्रपंच चालवावा, हीच त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुले पळविणाऱ्या टोळ्या जिल्ह्यात उतरल्याच्या अफवा त्यापूर्वी कित्येक दिवस भ्रमणध्वनीवरून फिरत होत्या. टोळी मात्र कोठेच नव्हती. पाच निरपराध माणसे प्राणाला मुकली आणि तालुक्याचे नाव देशभर नको त्या कारणासाठी गाजले.

या घटनेचा कायदेशीर विचार हे न्यायालयाचे काम. आम्हांला तिचा विचार वेगळ्या अंगाने करावयाचा आहे. त्या जमावाचे कृत्य अक्षम्यच होते, पण त्याच्या मुळाशी असलेली भावना, म्हणजे लेकरांविषयीची काळजी, खोटी नव्हती. खोटी होती ती भीतीची दिशा. आपल्या मुलांना धोका असतो तो बाहेरून येणाऱ्या, अनोळखी, फाटक्या वेषातील माणसाकडून, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजली आहे की, खरा धोका कोठून येतो हे पाहण्याची आपल्याला गरजच वाटत नाही.

वस्तुस्थिती काय सांगते? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत बालकांवरील लैंगिक अत्याचाराच्या गुन्ह्यांचे जे वर्गीकरण वर्षानुवर्षे दिले जाते, त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी हा बालकाच्या ओळखीचा असतो. तो नातलग असतो, शेजारी असतो, कुटुंबाचा स्नेही असतो, शिक्षक असतो, मुलांची ने-आण करणारा असतो. ज्याला पाहून मूल घाबरत नाही आणि आई-वडील निर्धास्त असतात, असाच तो माणूस असतो. परक्यासाठी आपण दाराला कडी लावतो. पण ज्याच्यासाठी दार नेहमी उघडे असते, त्याचे काय?

हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर प्रथम आकड्यांनिशी मांडला गेला तो २००७ साली. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी करून अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील ५३.२२ टक्के बालकांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारच्या लैंगिक छळाला तोंड दिल्याचे सांगितले. आपल्या सुसंस्कृतपणाच्या कल्पनेला तडा देणारी आणखी एक गोष्ट त्या अहवालात होती. अशा बालकांत मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. बहुसंख्य मुलांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नव्हती. ‘हे पाश्चात्त्यांचे रोग, आपल्याकडे कुटुंबव्यवस्था भक्कम आहे’ असे म्हणून हात झटकणाऱ्यांना त्या अहवालाने निरुत्तर केले.

त्यातून पुढे ‘लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२’ म्हणजे पॉक्सो कायदा आला आणि त्याच वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून तो लागू झाला. त्यापूर्वी मुलग्यांवरील अत्याचारासाठी दंडविधानात नेमके कलम नव्हते, आणि बलात्काराच्या व्याख्येबाहेरील अनेक दुष्कृत्ये ‘विनयभंग’ या एकाच सदरात जमा होत. नव्या कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक बालकाला, मग तो मुलगा असो वा मुलगी, संरक्षण दिले. पुढे केंद्रात सरकारे बदलली, पण या विषयातील वाटचाल खंडित झाली नाही, हे प्रांजळपणे नोंदविले पाहिजे. २०१५ पासून पीडितांना वैद्यकीय, कायदेशीर व मानसिक साहाय्य एकाच छताखाली देणारी ‘सखी’ केंद्रे उभी राहू लागली. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षा कठोर झाल्या. सोळा वर्षांखालील बालकावरील अत्याचाराला किमान वीस वर्षे कारावास आणि अतिगंभीर प्रकरणांत देहदंडापर्यंतची तरतूद झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात निर्भया निधीतून जलदगती विशेष न्यायालयांची योजना सुरू झाली; नोव्हेंबरात आंतरजालावरील बालशोषणाच्या तपासासाठी केंद्रीय अन्वेषण विभागाने स्वतंत्र कक्ष उघडला. २०२० च्या नियमांनी शाळा-वसतिगृहांतील कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी व प्रशिक्षण बंधनकारक केले. संकटातील मुलांसाठी असलेला १०९८ हा क्रमांक २०२३ मध्ये शासनाने स्वतःच्या यंत्रणेत घेऊन ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडला.

सर्वोच्च न्यायालयानेही हा कायदा बोथट होऊ दिला नाही. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, कपड्यांवरून झालेला स्पर्श म्हणजे पॉक्सोखालील लैंगिक अत्याचार नव्हे, असा अर्थ लावला होता. १८ नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि कायद्यात पाहावयाचा तो आरोपीचा लैंगिक हेतू, कातडीला कातडी लागली की नाही हे नव्हे, असे स्पष्ट केले. सप्टेंबर २०२४ मध्ये बालकांचे अश्लील चित्रण जवळ बाळगणे व पाहणे हाही अपराधच, असा निर्वाळा त्याच न्यायालयाने दिला.

मग अडते कोठे? दिल्लीत झालेला कायदा साक्री तालुक्यातील पाड्यापर्यंत पोहोचता पोहोचता कोठे गळतो?

तो प्रथम गळतो भाषेत. या तालुक्याच्या पश्चिमपट्ट्यात भिल्ल, कोकणा, मावची बांधवांची वस्ती आहे; पूर्वेकडील गावांत घरोघरी अहिराणी बोलली जाते. मूल आपले दुःख सांगते ते आपल्या बोलीत. कागदावर उतरते ती कचेरीतली मराठी. कायद्याने दुभाष्याची सोय ठेवली आहे. जबाब बालकाच्या घरी अथवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेष न घालता घ्यावा, असेही सांगितले आहे. मुलीची वैद्यकीय तपासणी महिला डॉक्टरनेच करावी, हे तर स्पष्टच आहे. परंतु या तरतुदी आपल्या हक्काच्या आहेत हे ज्या बापाला ठाऊक नाही, तो त्या मागणार कसा?

दुसऱ्यांदा तो गळतो अंतरात. खटला जिल्ह्याच्या विशेष न्यायालयात चालतो. साक्रीपासून धुळे पन्नास किलोमीटरच्या घरात; डोंगराकडील पाड्यांपासून त्याहून कितीतरी लांब. त्यातच ऊसतोडीसाठी गुजरातेत वा अन्यत्र जाणारी कुटुंबे वर्षातील अनेक महिने गावात नसतात. न्यायालयाने दखल घेतल्यापासून तीस दिवसांत बालकाची साक्ष आणि शक्यतो वर्षभरात निकाल, अशी कायद्याची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात २०२३ च्या प्रारंभी देशातील जलदगती न्यायालयांपुढे या कायद्याखालील दोन लाखांहून अधिक खटले प्रलंबित होते. सात वर्षांच्या मुलीने बाराव्या वर्षी न्यायालयात उभे राहून ती घटना जशीच्या तशी सांगावी, ही अपेक्षा न्यायाची म्हणावी की क्रौर्याची?

पण सर्वांत अधिक तो गळतो मौनात, आणि हे मौन शासनाचे नाही, आपले आहे. १९९४ साली जळगावात जे प्रकरण उघडकीस आले, त्याच्या आठवणीने खानदेशातील जुनी माणसे आजही अस्वस्थ होतात. शाळा-महाविद्यालयांत जाणाऱ्या मुलींना जाळ्यात ओढून, छायाचित्रांचा धाक दाखवून त्यांचे शोषण केले गेले. शासनाने विशेष तपास केला. तथापि, बहुसंख्य मुली साक्षीला पुढे आल्या नाहीत. पीडितेचे नाव गुप्त ठेवण्याची तरतूद कायद्यात तेव्हाही होती. परंतु गावाच्या तोंडाला कोणता कायदा कुलूप घालणार? लग्न कसे जमेल, भाऊबंद काय म्हणतील, या धास्तीने कुटुंबांनी दारे लावून घेतली. अब्रू गेली ती गुन्हेगाराची, हे त्या मुलींना ठामपणे सांगणारा समाज तेव्हा उभा राहिला नाही.

तीस वर्षांनी, ऑगस्ट २०२४ मध्ये, बदलापूरच्या शाळेत चार वर्षांच्या दोन बालिकांवर अत्याचार झाला. तक्रार नोंदवून घेण्यासाठी पालकांना ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वे रोखली, तेव्हा यंत्रणा जागी झाली. शाळेच्या चालकांवरही घटना न कळविल्याचा गुन्हा दाखल झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर झालेल्या अत्याचाराच्या प्रकरणात तर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २०२२ रोजी बजावले की, अत्याचाराची माहिती असूनही ती न कळविणे हा गंभीर गुन्हा आहे. पॉक्सोच्या १९ व्या कलमाने हे कर्तव्य प्रत्येकावर टाकले आहे. ते न पाळणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, तर संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कारावास होऊ शकतो. ‘संस्थेचे नाव खराब होईल’ ही सबब कायद्याला मान्य नाही आणि धर्मालाही मान्य असण्याचे कारण नाही.

येथे थोडे स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. अशी घटना दुसऱ्यांच्या संस्थेत घडली की आपला आवाज चढतो. तो चढलाच पाहिजे. परंतु आपल्या विचारांच्या शाळा, वसतिगृहे, बालवाड्या, संस्कारवर्ग आणि शिबिरे यांनाही हाच नियम लागू आहे. सेवाभाव हे पडताळणीला पर्यायी प्रमाणपत्र नव्हे. मुलांमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपीठिका तपासली पाहिजे, कोणताही प्रौढ बंद खोलीत मुलासोबत एकटा राहणार नाही अशी शिस्त पाळली पाहिजे, आणि तक्रार आली तर ती आपसांत न मिटविता त्याच दिवशी पोलिसांकडे गेली पाहिजे. ज्याचे चारित्र्य निर्मळ आहे, त्याला या शिस्तीचा राग येण्याचे कारण नाही.

‘फाशी द्या’ ही घोषणा अशा प्रसंगी सहज ओठांवर येते. संताप समजण्यासारखा आहे. पण आरोपी जेव्हा सख्खा काका किंवा मामा असतो, तेव्हा फाशीच्या भीतीने घरातील वडीलधारेच मुलाचे तोंड बंद करतात, हेही ध्यानात घेतले पाहिजे. शिक्षा कठोर असावीच. पण गुन्हेगाराला वचक बसतो तो शिक्षेच्या खात्रीने, आणि ती खात्री मुलाच्या बोलण्यावर अवलंबून असते. मूल बोलते केव्हा? घरात आपले ऐकून घेतले जाईल, आपल्यावर विश्वास ठेवला जाईल, असा अनुभव त्याला आधीपासून असेल तेव्हा. ‘मोठ्यांना उलट बोलू नये’ हा संस्कार आपण देतो. त्याच्या जोडीला ‘नकोशा स्पर्शाला, तो कितीही मोठ्या माणसाचा असो, नाही म्हणावे आणि आईला सांगावे’ हा संस्कारही दिला पाहिजे. तो मुलींना द्यावा तसाच मुलग्यांनाही. यात परकीय काही नाही. बालक निर्भय असावे, हीच आपली परंपरा आहे.

आता कार्यकर्त्यांनी काय करावे? पॉक्सोच्या नियमांत ‘सहायक व्यक्ती’ ही अत्यंत मोलाची तरतूद आहे. बालकल्याण समिती अशी व्यक्ती नेमते आणि ती पहिल्या जबाबापासून निकालापर्यंत त्या मुलाच्या व कुटुंबाच्या सोबत राहते. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या तरतुदीच्या काटेकोर अंमलबजावणीवर भर दिला. साक्री, पिंपळनेर, निजामपूर, दहिवेल परिसरात अहिराणी, भिलोरी वा कोकणी बोलणाऱ्या सुशिक्षित भगिनींची वाण नाही. त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे आपली नावे द्यावीत. शासनाच्या ‘मनोधैर्य’ योजनेतून आणि विशेष न्यायालयाच्या आदेशाने मिळणारी अंतरिम भरपाई अनेक कुटुंबांना ठाऊकच नसते. तिच्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून देणे हे तासाभराचे काम आहे. ग्रामसभेत, बचत गटात, पालकसभेत १०९८ हा क्रमांक भिंतीवर ठळक लिहून ठेवणे, हे तर त्याहूनही सोपे.

आणि एक काम याहून अवघड आहे. गावात अशी घटना घडली, तर त्या कुटुंबाच्या घरी जाणे-येणे थांबू न देणे, त्या मुलीला हळदीकुंकवाला, तिच्या आईला शेजेच्या घरच्या कार्याला पूर्वीसारखेच बोलावणे, त्या मुलाला खेळात पूर्वीसारखेच घेणे. सरकार न्यायालय देऊ शकते, भरपाई देऊ शकते, समुपदेशक देऊ शकते. शेजार देणे त्याच्या हाती नाही. तो समाजानेच द्यावयाचा असतो. जो समाज अत्याचारग्रस्त बालकाला मान खाली घालावयास लावतो, त्याने संघटित असल्याचा अभिमान कशाच्या बळावर मिरवावा? संघटनेची खरी परीक्षा तिच्यातील सर्वांत दुर्बळ जिवाला तिच्यात किती सुरक्षित वाटते, यावरच होत असते.