बॉयलरआधी ही चूल पेटू द्या

दसऱ्याचे सोने लुटून झाले की बीड जिल्ह्यातल्या गावांत ट्रक, ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता ऊसतोडीला निघतो. लेकराचे काय करायचे, हेही त्याच दिवसांत ठरते. गावात त्याच्या दोन वेळच्या जेवणाची सोय असेल तर ते शाळेत राहते; नसेल तर उसाच्या फडावर जाते आणि परतते तेव्हा शाळेचे वर्ष सरत आलेले असते.

ही सोय म्हणजे हंगामी वसतिगृह. समग्र शिक्षा अभियानातून त्याला पैसा मिळतो. केंद्राचा वाटा 60 टक्के, राज्याचा 40. चालवायचे शाळा व्यवस्थापन समितीने. पण मंजुरी आणि निधी रेंगाळतात, आणि तोवर किराणा उधारीवर आणावा लागतो. दुकानदार थांबला की चूल थांबते. ऑक्टोबरमध्ये गाव सोडलेल्या मुलाला डिसेंबरमध्ये उघडलेले वसतिगृह काय कामाचे?

राज्याने 2021 मध्ये दुसरी वाट काढली. संत भगवानबाबा योजनेतून 41 तालुक्यांत 82 वसतिगृहे उभारायची. त्यांचा खर्च ज्या ऊसतोड कामगार महामंडळाच्या निधीतून व्हायचा, त्यात कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे 10 रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. योजना स्वागतार्ह आहे, पण धोका या सूत्रातच दडला आहे. 2021-22 मध्ये राज्यात सुमारे 13.2 कोटी टन गाळप झाले. 2024-25 मध्ये ते साडेआठ कोटी टनांच्या आसपास आले. म्हणजे कारखान्यांचा वाटा हिशेबाने 132 कोटींवरून 85 कोटींवर येतो, आणि सरकारची भरही तशीच आटते. पाऊस दगा देतो तेव्हा ऊस घटतो आणि निधीही; पण कोरडवाहू गावातल्या माणसाला घर सोडावे लागते तेही त्याच वर्षी. गरज वाढेल तेव्हाच आटणारा हा झरा आहे.

याउलट इंग्लंडमध्ये नेहमीच्या शाळेबाहेर पडलेल्या मुलांच्या पर्यायी शाळांना ठरलेल्या प्रत्येक जागेमागे वर्षाला 10,000 पौंड मिळतात, जागा भरलेली असो वा रिकामी. मुलागणिक लागणारा जादा खर्च वेगळा दिला जातो. तिथेही पैशाची ओढाताण आहेच. पण मूल दारात येण्याआधी जागा तयार हवी, हे तत्त्व तिथे मान्य आहे.

आपणही तेच करावे. ऑगस्टमध्ये गावनिहाय यादी करावी आणि सप्टेंबरअखेर जागांच्या हिशेबाने पैसा समितीच्या खात्यात टाकावा. महामंडळाला अर्थसंकल्पातून किमान रकमेची हमी द्यावी. टनामागचे पैसे ही त्यावरची भर असावी. स्थलांतरित मुलाला शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी शिक्षण हक्क कायद्याच्या नवव्या कलमाने स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. दुसऱ्या गावच्या शाळेत प्रवेशासाठीचे शिक्षण हमी पत्रक हातात दिले म्हणून ती संपत नाही. पत्रकाने पोट भरत नाही.

गाळपाच्या तारखेसाठी मंत्र्यांची समिती बसते. त्याच बैठकीत वसतिगृहे उघडण्याची तारीखही ठरवा, आणि ती गाळपाच्या आधीची असू द्या.