विश्लेषण : समुद्र खिडकीत, पण खरेदीखतात नाही! मालवणमधील नूतनीकरण केलेल्या फ्लॅटची किंमत कशी ठरवावी?

मालवणमध्ये जुना फ्लॅट विकायला काढला की त्याच्या जाहिरातीत ‘सी व्ह्यू’ आणि ‘फुल्ली रिनोव्हेटेड’ हे दोन शब्द ठळक दिसतात. विकणारा बहुधा मुंबईकर चाकरमानी असतो. घेणाराही अनेकदा मुंबई-पुण्याहून किंवा गोव्यातून आलेला असतो. त्यामुळे किंमत ठरवताना मोजपट्टी मुंबईची लागते. पण मुंबईत खाऱ्या वाऱ्याने खराब झालेली जुनी इमारतही पुनर्विकासाच्या आशेवर भाव धरून राहते. मालवणात ती आशा फारशी नाही. म्हणून इथे इमारत, आतले काम आणि देखावा या तिन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडायला हवा.

नूतनीकरणावरचा सगळा खर्च किमतीत वसूल होतो का?

नाही. नवी वायरिंग, बदललेल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या, न्हाणीघराचे वॉटरप्रूफिंग, गंज न धरणाऱ्या खिडक्या ही कामे घेणाऱ्याला पुढची अनेक वर्षे उपयोगी पडतात. त्यांचे पैसे मागणे रास्त आहे. फॉल्स सीलिंग, भिंतीला जखडलेले फर्निचर, आवडीच्या रंगाच्या फरशा हा मात्र मालकाच्या हौसेचा खर्च असतो. घेणाऱ्याची हौस वेगळी असू शकते.

यासाठी कसोटी सोपी आहे. त्याच इमारतीतला न सुधारलेला फ्लॅट घेऊन हेच काम आज करून घेतले तर किती खर्च येईल? त्यातून झालेली झीज वजा करायची आणि वाचलेल्या त्रासाचे थोडे वर धरायचे. नूतनीकरणाची किंमत याहून जास्त असू शकत नाही, मग मालकाकडे कितीही बिले असोत.

फ्लॅट नवा, पण इमारतीचे काय?

किनाऱ्यावरच्या हवेतले क्षार काँक्रीटमध्ये शिरतात, आतली सळई गंजते, गंजलेली सळई फुगते आणि बाहेरचा गिलावा फुटतो. फ्लॅटच्या आत नवा रंग लागला म्हणून खांब-तुळयांचे वय कमी होत नाही. त्यामुळे पाहणी जिन्याखाली, वाहनतळाच्या छताला आणि गच्चीवरच्या टाकीपाशी करावी. उभे तडे, तांबूस डाग आणि उघडी सळई तिथे लपवता येत नाही. सोसायटीने संरचनात्मक तपासणी केली आहे का, दुरुस्ती निधीत किती पैसे आहेत आणि प्रत्येक सदनिकेवर किती वर्गणी बसणार आहे, हे लेखी विचारावे.

मे २०२१ मधील ‘तौक्ते’ वादळाने मालवणच्या किनाऱ्याला झोडपले, तेव्हा अनेक भाग काही दिवस विजेविना होते. माडांच्या शेंड्यांवरून समुद्र दिसणारा वरचा मजला महाग असतो. पण अशा दिवसांत लिफ्ट आणि पाण्याचा पंप बंद पडला की त्याच मजल्यावर पाणी चढवताना दमछाक होते. जनरेटरची सोय नसेल तर उंचीचा भाव तेवढा कमी धरावा.

देखाव्याची किंमत किती?

प्रकाश आणि हवेचा हक्क १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यानुसार २० वर्षांच्या अखंड वापराने मिळू शकतो. देखाव्याचा तसा हक्क मिळत नाही. समोर कायदेशीर इमारत उभी राहिली तर केवळ ‘समुद्र दिसेनासा झाला’ म्हणून ती थांबवता येत नाही. म्हणून खिडकी आणि पाणी यांच्यामध्ये काय आहे, हे आधी पाहावे. सावंतवाडीच्या मोती तलावाकाठी मध्ये सार्वजनिक रस्ता असेल, तर देखावा बराच सुरक्षित. मध्ये कुणाची खासगी माडबाग असेल, तर तो त्या मालकाच्या इच्छेवर आणि नियमांवर टिकून आहे.

किनाऱ्यावर हे नियम म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राचे, अर्थात ‘सीआरझेड’चे. ते १९९१ पासून लागू आहेत. पुढे २०११ आणि २०१९ मध्ये नव्या अधिसूचना आल्या. शहरी भागातील ‘सीआरझेड-दोन’मध्ये जुन्या रस्त्याच्या किंवा अधिकृत बांधकामाच्या समुद्राकडील बाजूस नवी इमारत उठत नाही. जमिनीकडील बाजूस मात्र परवानगी मिळू शकते. म्हणजे पहिल्या रांगेतला देखावा कायद्याच्या आडोशाला असतो, दुसऱ्या-तिसऱ्या रांगेतला तसा असेलच असे नाही.

मग पहिली रांगच घ्यावी का?

नियमांची दुसरी बाजूही आहे. ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास क्षेत्रात जुने अधिकृत बांधकाम दुरुस्त करता येते, पुन्हा बांधताही येते. पण जोत्याचे क्षेत्र, चटईक्षेत्र निर्देशांक आणि घनता वाढवता येत नाही. वाढीव बांधकामच नसेल, तर विकासक फुकट नवी सदनिका कशाच्या बळावर देणार? जो कायदा देखावा राखतो, तोच पुनर्विकासाचा नफा अडवतो. विक्रेत्याने या दोन्हींचे पैसे मागितले, तर त्यातले एक नाकारण्याचा खरेदीदाराला पूर्ण अधिकार आहे.

देवबागसारख्या ठिकाणी, जिथे एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र आहे, तिथे किनाऱ्याची धूप हा आणखी एक मुद्दा. पाणी जवळ असणे आणि पाणी जवळ येत जाणे यात फरक आहे.

आकडे कसे मांडावेत?

पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एका २० वर्षे जुन्या इमारतीत ६०० चौरस फूट चटईक्षेत्राचा, मागच्या बाजूचा, न सुधारलेला फ्लॅट ३६ लाखांना विकला गेला. तसाच समुद्राकडचा ३९ लाखांना. म्हणजे देखाव्याची किंमत तीन लाख. विक्रेत्याने नूतनीकरणावर १२ लाख खर्च केले. त्यातले उपयोगी आणि शिल्लक मूल्य सहा लाख. इमारतीच्या दुरुस्तीचा वाटा दोन लाख. हिशेब ३९ अधिक ६ उणे २, म्हणजे ४३ लाख. विक्रेता मात्र ३६ मध्ये पूर्ण १२ आणि देखाव्याचे १० मिळवून ५८ लाख सांगतो.

इथे बँक जागे करते. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते. बँकेच्या मूल्यांकनकाराने ४३ लाख धरले, तर कर्ज जास्तीत जास्त ३४ लाख ४० हजार. ४३ लाखांचा व्यवहार असेल तर खिशातून आठ लाख ६० हजार. ५८ लाखांचा असेल तर २३ लाख ६० हजार.

खरे व्यवहार कुठे पाहायचे?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावरील ‘ई-सर्च’मध्ये नोंदलेल्या दस्तांची सूची क्रमांक दोन पाहता येते. जाहिरातीतला भाव म्हणजे विक्रेत्याची इच्छा, सूचीतला भाव म्हणजे झालेला व्यवहार. शासनाचा रेडी रेकनर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो इमारतीचे वय पाहतो, खिडकीतला समुद्र पाहत नाही. तुलना करताना चटईक्षेत्राची तुलना चटईक्षेत्राशीच करावी. ‘रेरा’च्या व्याख्येत बाल्कनी चटईक्षेत्रात येत नाही, आणि देखावा तर बहुधा बाल्कनीतूनच दाखवला जातो.

‘होमस्टे’च्या कमाईवर भाव वाढवला असेल, तर पावसाळ्यात जलक्रीडा आणि किल्ल्याकडची होडी वाहतूक बंद असते हे लक्षात ठेवून उत्पन्न बारा महिन्यांचे धरू नये. सोसायटीची परवानगी आहे का, हेही विचारावे. भोगवटा प्रमाणपत्र, बिनशेती आदेश आणि सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण यांपैकी काही नसेल, तर भावाची चर्चा तिथेच थांबवावी.

फुगवलेल्या भावाचा तोटा खरेदीदारापुरता नसतो. बाहेरच्यांच्या खिशाकडे पाहून ठरलेला आकडा गावात रूढ होतो आणि मालवणातच नोकरी-धंदा करणाऱ्या कुटुंबाला साधे दोन खोल्यांचे घरही आवाक्याबाहेर जाते. फ्लॅट मात्र गिऱ्हाईकाची वाट पाहत बंद राहतात, आणि बंद घराला खारी हवा अधिक लवकर खाते. विक्रेत्यानेच तिन्ही आकडे वेगळे मांडले, तर घासाघीस कमी होईल आणि घरही लवकर विकले जाईल.