नाक घासून पिल्लू शिकत नाही
पिल्लाने घरात शू केली की त्याचे नाक त्यात घासावे, हा गेल्या अंकातील पत्रातला सल्ला चुकीचा आणि क्रूर आहे. घडून गेलेल्या गोष्टीची शिक्षा कुत्र्याला उमगत नाही. माणसांसमोर शू करणे धोक्याचे, एवढेच ते शिकते आणि सोफ्यामागे जाऊ लागते. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दोन-तीन तासांपलीकडे धरवत नाही. म्हणून झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला लगेच ठरलेल्या जागी न्यावे. जमीन हुंगत ते गोल फिरू लागले, की वेळ आलीच. काम उरकताच, तिथल्या तिथे, खाऊ द्यावा. घरात परतल्यावर दिलेला खाऊ कशाबद्दल, हे त्याला कळत नाही. तरीही घरात शू झालीच, तर ती फरशी एन्झाइमयुक्त क्लीनरने पुसावी. अमोनिया टाळावा, त्याचा वास लघवीसारखाच असतो.